रुतणे आणि कोंडणे : कचारगडाच्या निमित्ताने काही शब्दांचा इतिहास

१

मराठी व्याकरणाच्या तासाला योगरूढ शब्दाचे उदाहरण विचारले, की वर्गातून ठरलेले उत्तर येते : पंकज. पंकात जन्मते ते पंकज. अवयवांचा अर्थ पाहिला तर चिखलात उगवणारी कोणतीही वस्तू पंकज म्हणता येईल. पण रूढीने तो अर्थ आवळून कमळापुरता नेमका केला. संस्कृत शास्त्रग्रंथांतून आलेले हे उदाहरण आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो आहोत. ते शिकवताना एक साधा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. चिखलात जन्मणाऱ्या वस्तूंपैकी माणसाच्या पोटाशी सर्वांत जवळची वस्तू म्हणजे भात. मग रूढीने भाताला वगळून कमळच का निवडले?

उत्तर अवघड नाही. कमळ काठावरून दिसते, भातासाठी चिखलात उतरावे लागते. शब्द ज्यांनी रूढ केला ते काठावर उभे होते. मराठीतल्या चिखलाच्या आणि अडचणीच्या शब्दांचा मागोवा घेऊ लागले, की काठावरची ही नजर पुन:पुन्हा भेटते. तिचा इतिहास थोडा उलगडून पाहावा, आणि तो पाहताना गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडाची एक जुनी कथा शेजारी ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कचारगड सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत, दरेकसा रेल्वेस्थानकापासून जवळच्या डोंगरात आहे. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची ओळख भाताची आणि तलावांची. पण डोंगरातल्या गुहा गोंड समाजाच्या दृष्टीने उगमस्थान आहेत. माघ पौर्णिमेला येथे भरणाऱ्या यात्रेस महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा येथून लोक येतात. खाली पाणी धरून ठेवणाऱ्या बांध्या, वर दगडाची गुहा. आपल्या भाषेतल्या अडचणीच्या शब्दांची दोन मोठी कुळे नेमकी याच दोन ठिकाणांहून निघालेली आहेत.

गडाच्या नावाविषयी आधीच थोडी सावधगिरी बाळगू. 'कचार' ऐकून मराठी वाचकाला 'कचाट्यात सापडणे' आठवेल. हिंदी जाणणाऱ्याला नदीकाठची गाळाची जमीन म्हणजे 'कछार' आठवेल, आणि त्यामागे दलदलीच्या प्रदेशाचा वाचक असा संस्कृत 'कच्छ' उभा राहील. विषय चिखलाचा आणि अडचणीचा असताना हे दोन्ही धागे फारच सोयीचे वाटतात. म्हणूनच ते सोडून दिलेले बरे. ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. स्थानिक सांगणे या नावाचा संबंध लोहखनिजाशी जोडते, आणि गोंडी कथेत येणाऱ्या 'काचिकोपा लोहागड' या स्थळनामाचा इंग्रजी अभ्यासकांनी लोखंडाची दरी असाच अर्थ लावला होता.

२

'चिखल' हा शब्द मराठीइतकाच जुना, किंबहुना मराठीहून जुना आहे. पालीत तो 'चिक्खल्ल' असा आढळतो, प्राकृतात 'चिक्खल्ल' आणि 'चिक्खिल्ल'. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात विहाराच्या अंगणात चिखल होतो अशी तक्रार येते आणि तेथे खडी पसरण्यास बुद्ध अनुमती देतात. आपल्या शब्दाच्या पूर्वजाची ही ओळख मोठी घरगुती आहे. पाय भरू नयेत एवढीच तेथली काळजी. त्यात ना उपमा, ना उपदेश.

संस्कृत कोशकारांची यादी वेगळी. अमरकोशाच्या वारिवर्गात चिखलाला निषद्वर, जम्बाल, पंक, शाद आणि कर्दम असे पाच शब्द दिले आहेत. यांतला निषद्वर आपण विसरलो. पण त्याचे कुळ आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. 'नि' उपसर्ग आणि बसणे, खचणे या अर्थाचा 'सद्' धातू यांपासून तो बनला. जो खाली बसवतो तो निषद्वर. याच धातूपासून विषाद आला, अवसाद आला. म्हणजे अर्जुनाला कुरुक्षेत्रावर झाला तो विषाद मुळात 'खचणे' आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या अखेरीस तो रथात खाली बसतो, ही कृती आणि अध्यायाचे नाव एकाच धातूच्या घरातली आहेत. हिंदीत अवसाद म्हणजे खिन्नता आणि अवसादी खडक म्हणजे गाळाचा खडक. मनाचे खचणे आणि मातीचे खाली बसणे यांना भाषेने एकच क्रियापद दिले होते.

मराठी बोलींनी ही यादी पुढे किती वाढवली ते पाहण्यासारखे आहे. घट्ट चिखल, पातळ चिखल, साचलेला, तुडवलेला, पाण्याबरोबर आलेला, पाणी गेल्यावर उरलेला अशा प्रत्येकाला काहीतरी नाव आहे. दाट आणि घाणेरडा तो रेंदा. पायांनी तुडवून झालेली ती राड. पाण्याबरोबर येऊन तळाशी बसतो तो गाळ. भिंतीसाठी मळतात तो गारा, आणि विदर्भात मात्र कोणताही चिखल गाराच. ज्या जमिनीतून पाणी निचरत नाही ती चिबड. पाऊल टाकले की ओढून घेते ती दलदल. पावसाळ्यात सतत ओल्यात राहून पायांच्या बोटांच्या बेचक्यांत जे चिघळते त्याला चिखल्या म्हणतात. रोवणी करणाऱ्या बाईच्या पायाने भाषेला दिलेला हा शब्द आहे, आणि तो एकाही अलंकारात सापडणार नाही.

लेखी मराठीत हे शब्द शिरले ते बहुतेक निंदेच्या दारातून. राजकारणातली चिखलफेक, गुन्हेगारीची दलदल, कुळावरचे शिंतोडे. राड या शब्दाच्या शेजारचा 'राडा' मातीतून उठून मुंबईच्या रस्त्यावर मारामारी होऊन बसला. अपवाद शोधायचाच तर गोव्यात माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकी-कृष्णाच्या मंदिरासमोर होणारा चिखलकाला आहे. तेथे चिखल अंगाला लावून घेणे हाच आनंद. पण तोही वर्षातला एक दिवस, खेळ म्हणून. उरलेले दिवस प्रमाण मराठीत चिखल हा वाटसरूचा शत्रू आहे. तो कपडे मळवतो, चाक अडवतो, पाय घसरवतो.

३

आता बांधीत उतरू. पूर्व विदर्भात बांध घालून पाणी अडवलेल्या भाताच्या वाफ्याला बांधी म्हणतात. आषाढात पाणी साचले की त्या पाण्यातच दोन-तीन वेळा उभी-आडवी नांगरट करतात. या कामाला चिखलणी हा शब्द आहे. चिखलणीने मातीची ढेकळे विरघळतात, बारीक कण पाण्यात तरंगून मग खाली बसतात आणि जमिनीतली छिद्रे बुजवतात. त्यामुळे पाणी खाली न जिरता वर उभे राहते, तण गाडले जाते आणि पऱ्ह्यांची नाजूक मुळे नुसत्या बोटांनी आत रोवता येतात. चिखल नीट झाला नाही तर रोवणी नीट होत नाही.

येथे व्याकरणातला बदल लक्षात घ्यावा. वाटसरूच्या भाषेत चिखल 'होतो'. शेतकऱ्याच्या भाषेत तो 'करतात'. पहिल्या वाक्यात चिखल ही घटना आहे, दुसऱ्यात ते श्रमाचे फळ आहे. 'चिखलणे' हे क्रियापद मराठीत आहे, त्याला कर्ता आहे, त्याला कौशल्य लागते. तरी पर्यायी शब्दांच्या आपल्या तक्त्यात 'चिखल' समोर पंक आणि कर्दम येतात. चिखलणी येत नाही.

गाळाची कथा अशीच. भंडारा-गोंदियाचे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य नावाजलेले आहे. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. इंग्रजी अमलात १८६०च्या दशकात मालगुजारांना गावांचे मालकी हक्क मिळाले आणि तलावही त्यांच्या नावावर गेले. १९५०च्या कायद्याने ते हक्क संपुष्टात आले. तेव्हापासून हे 'माजी मालगुजारी तलाव', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. या तलावांचे दुखणे गाळ आणि शेतांचे औषधही गाळच. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली जी योजना आणली तिचे नावच 'गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार'. एकाच शब्दाला एका समासात 'मुक्त' आणि दुसऱ्यात 'युक्त' जोडावे लागले. मराठी वाक्प्रचारात मात्र 'गाळात जाणे' म्हणजे केवळ बुडणे. गाळ शिवारात गेला तर पीक येते, ही अर्धी हकीकत वाक्प्रचाराने टाकून दिली.

गोंड आणि परधान यांच्या सृष्टिकथांत तर चिखल हीच पहिली कमाई आहे. सगळीकडे पाणीच पाणी असताना बडादेव कावळ्याला माती शोधायला पाठवतो. कावळा खेकड्याला गाठतो, खेकडा पाण्याच्या तळाशी जाऊन गांडुळाला पकडतो आणि गांडुळाने गिळलेली माती बाहेर काढायला लावून पृथ्वी घडते. व्हेरिअर एल्विन यांच्या मध्य भारतातील कथांच्या संग्रहातून या जातीच्या कथा वाचकांना परिचित आहेत. कमळाला येथे काम नाही. जग ज्याच्यामुळे झाले तो प्राणी गांडूळ.

४

मग अडचणीचे शब्द. यांतली दोन कुळे आरंभी सांगितली. पहिले कुळ चिखलाचे : रुतणे, फसणे, गाळात जाणे, खचणे. दुसरे कुळ अरुंद जागेचे. संकट हा शब्द मुळात विशेषण. त्याचा अर्थ अरुंद, दाटीचा, आणि त्यावरून अवघड वाट. अडचण या शब्दात तो अर्थ आजही शिल्लक आहे. 'खोलीत अडचण झाली' म्हणजे जागा पुरेना. कोंडी, कात्रीत सापडणे, खिंडीत गाठणे हे सारे याच घरातले. (पेच आणि गुंता हे दोर्‍याचे, गोता पाण्याचा आणि पंचाईत चावडीवरची, ती शाखा आज बाजूला ठेवू.)

दोन्ही कुळांचा शेवट एकच, माणूस पुढे जाऊ शकत नाही. पण त्यांचे व्याकरण वेगळे आहे, आणि माझ्या मते सगळी गोम तेथेच आहे. 'रुतणे' अकर्मक आहे. चाक रुतते, पाय रुततो, काटा रुततो. कोणी रुतवले हा प्रश्न वाक्यात उद्भवत नाही. फार तर जमीन मऊ होती किंवा गाडीवान बेसावध होता एवढेच म्हणता येते. 'कोंडणे' सकर्मक आहे. कोंडणारा कोणीतरी असतो, कोंडलेला कोणीतरी असतो. कर्ता वाक्यात नसला तरी त्याची जागा रिकामी दिसते.

महाभारतातल्या एका प्रसंगाने हे स्पष्ट होईल. कर्णाच्या रथाचे चाक संस्कृतात पृथ्वी 'गिळते'. तेथे भूमी कर्ती आहे, शापाचा हिशेब चुकता करणारी. मराठीत आपण सहजपणे म्हणतो, कर्णाच्या रथाचे चाक रुतले. श्री. ना. पेंडसे यांच्या 'रथचक्र' (१९६२) या शीर्षकाला जे वजन आहे ते याच रुतण्याच्या स्मृतीतून आलेले. पण संस्कृतातून मराठीत येताना कर्ती गळाली आणि उरले ते चाकाचे दुर्दैव.

विदर्भातले 'फसणे' या दोहोंच्या मध्ये उभे आहे. पुण्याकडे गाडी चिखलात रुतते, इकडे बंडी गाऱ्यात फसते. हिंदीच्या सहवासाने हा अर्थ येथे बळावला असेल. पण तोच शब्द प्रमाण मराठीत 'फसवले जाणे' असाही आहे, आणि 'बेत फसला' म्हणजे बिघडला असाही. कर्जात फसलेला शेतकरी असे पूर्व विदर्भात कोणी म्हटले, तर त्यात रुतणेही आहे आणि फसवणूकही. प्रमाण भाषेत या वाक्याचे 'कर्जात रुतलेला शेतकरी' असे रूपांतर केले, की सावकार वाक्यातून निघून जातो.

सुटकेची कल्पनाही कुळागणिक बदलते. धम्मपदाच्या नागवग्गात चिखलात खचलेल्या हत्तीची उपमा आहे : हत्ती जसा स्वत:ला वर काढतो तसे स्वत:ला 'दुग्गा'तून काढा, असा तिचा आशय. हा 'दुग्ग' म्हणजे आपला 'दुर्ग', जेथून जाणे कठीण ती जागा. जी जागा शत्रूला दुर्गम तीच आतल्याला बंदिवास होऊ शकते, हे या एका शब्दात सामावले आहे. मज्झिमनिकायाच्या सल्लेखसुत्तात दुसरी बाजू येते : जो स्वत: चिखलात रुतला आहे तो दुसऱ्या रुतलेल्याला काढू शकत नाही. जॉन बन्यन यांच्या १६७८च्या रूपककथेतला यात्रिकही आरंभीच निराशेच्या दलदलीत रुततो आणि काठावरून एक हात पुढे येतो. हरि केशवजी यांच्या 'यात्रिकक्रमण' (१८४१) मधून ती कथा मराठीत आली, म्हणजे आपल्या आधुनिक गद्याच्या अगदी पहाटे. या तिन्ही ठिकाणी चिखल मनाचा आहे आणि बाहेर पडणे हा साधनेचा प्रश्न आहे. कोणी ढकलले, हा प्रश्न तेथे नाही.

५

कचारगडाच्या कथेत तोच प्रश्न पहिला आहे. गोंडांचे पूर्वज गुहेत रुतले नव्हते. त्यांना कोंडले होते.

या कथेचा सर्वांत आधी छापला गेलेला विस्तृत पाठ स्टीफन हिस्लॉप यांच्या संग्रहातला. १८४५ पासून नागपुरात राहिलेल्या या स्कॉटिश मिशनऱ्याने परधान गायकाकडून लिंगोचे गीत मिळवले. त्यातला क्रम असा : महादेवाच्या धवलगिरीवर गोंड राहू लागतात, ते काहीही खातात, स्नान करीत नाहीत, त्यांच्या वासाने पर्वत भरून जातो. महादेव संतापतो. आपल्या अंगापासून एक खार निर्माण करून सोडतो. तिच्या मागे धावत गोंड गुहेत शिरतात आणि गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा बसते. चौघे तेवढे बाहेर राहतात आणि काचिकोपा लोहागडाकडे जातात. पुढे लिंगो तप करतो, अवघड अटी पुऱ्या करतो आणि कोंडलेल्यांना सोडवतो.

आरोप काय आणि शिक्षा काय, हे नीट पाहावे. आरोप मळाचा आहे. शिक्षा दगडाची आहे. घाणेरडे आहेत म्हणून कोंडले. जगातल्या कितीतरी समाजांच्या बाबतीत हीच दोन वाक्ये एकापुढे एक आली आहेत. फरक एवढाच, की येथे ती कोंडलेल्यांच्याच गीतात आहेत, आणि गीताने कोंडणाऱ्याचे नाव लपवलेले नाही.

काही अभ्यासकांनी या कथेतली स्थळे पचमढीच्या बाजूला शोधली. गोंड समाजाच्या आजच्या श्रद्धेत ती गुहा कचारगडची आहे. १९८०च्या दशकात मोतीरावण कंगाली, सुन्हेरसिंह ताराम आदींच्या पुढाकाराने येथल्या यात्रेला नवे रूप आले. कंगाली यांनी 'पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन' या ग्रंथातून गोंडी धर्मपरंपरेची समाजाच्या आतून मांडणी केली. या परंपरेत सांगितली जाणारी कथा अशी : कोंडलेली ती कली कंकालीची तेहतीस मुले, त्यांच्या सुटकेसाठी जंगो रायताड झटते, पारी कुपार लिंगो संगीतकार हीरासुका पाटालीर याला घेऊन गुहेशी येतो. हीरासुकाच्या वाद्याचे सूर आत पोचतात, मुलांच्या अंगात बळ संचारते, ती आतून शिळा ढकलतात. शिळा गडगडते, आणि तिच्याखाली हीरासुका चिरडला जातो.

दोन पाठांची तुलना विद्यार्थ्यांनी जरूर करावी. पहिल्यात सुटका तपाने आणि देवाच्या अनुमतीने होते. दुसऱ्यात ती आतल्यांच्या जोराने होते. बाहेरच्याने हात दिला नाही, सूर दिला. आणि त्याची किंमत गाणाऱ्याने मोजली. चिखलाच्या उपमेत काठावरचा मदतनीस कोरडा राहतो. गुहेच्या कथेत तो शिळेखाली जातो.

या कथेच्या लेखी इतिहासातही एक बुडणे आहे. हिस्लॉप यांच्या पाठात सुटकेनंतर नदीला पूर येतो. लिंगो आणि चौघे अलीकडे अडकतात. मगर आणि कासव दोघेही पार नेण्याचे वचन देतात. मगर दगा देते, कासव तारते. ज्याने हे लिहून घेतले तो हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून मरण पावला. गीत त्याच्या कागदांत राहिले. १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी ते कागद संपादून छापले. गोंडी मजकूर रोमन लिपीत आणि सोबत इंग्रजी अर्थ. १८७१ मध्ये कॅप्टन फोर्सिथ यांनी त्याच गीताला लाँगफेलोच्या 'हायवाथा'च्या छंदात बसवले. तो छंद स्वत: फिनलंडच्या 'कालेवाला'वरून घेतलेला. परधानाच्या तोंडचे गीत असे अर्ध्या जगाला वळसा घालून इंग्रजी वाचकाकडे गेले, आणि पुढे आपल्यापैकी अनेकांकडे इंग्रजीतूनच आले. मध्ये जी गोंडी होती ती आजही आपल्या अभ्यासक्रमाच्या बाहेर आहे. २०११च्या जनगणनेत सुमारे २९.८ लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही.

६

शब्दकोशांविषयी थोडे. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, दुसरी आवृत्ती १८५७ची. तो मुंबई इलाख्यात घडला. भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, पुढे मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. म्हणजे मराठीच्या कोशांचा पाया घातला गेला तेव्हा ही बांधी दुसऱ्या कारभारात होती. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने (१९३२–३८) पुष्कळ भरपाई केली. त्यात बोलींच्या शब्दांपुढे प्रांताची खूण येते; मध्यवर्ती मानलेल्या बोलीच्या शब्दापुढे सहसा काहीच येत नाही. ज्याला खूण नाही तो मराठी, ज्याला खूण आहे तो तिकडचा.

झाडीबोलीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केलेले कोशाचे काम म्हणूनच मोलाचे. या बोलीत ळ, ण, श, ष, छ हे वर्ण नाहीत. डोळा येथे डोरा होतो, लाखोळी लाखोरी. शुद्धलेखनाच्या वहीत या लाखोरीवर लाल रेघ पडते. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात (१९०५) आणि गोंडी चौथ्यात (१९०६) आहे. भाषाकुळाच्या दृष्टीने ते बरोबरच. पण एकाच बांधीत शेजारी वाकून रोवणी करणाऱ्या दोन बाया ग्रंथालयात दोन कपाटांत गेल्या, हेही खरे.

कोशातल्या या रिकाम्या जागांचा परिणाम आपल्या गद्यावर होतो. आदिवासी समाजाविषयी लिहिताना आपली लेखणी सवयीने पहिल्या कुळाकडे जाते : दारिद्र्यात रुतलेला समाज, अज्ञानाच्या गाळात अडकलेली माणसे. या वाक्यांना कर्ता लागत नाही. इतिहासात मात्र कर्ते नावानिशी सापडतात. मालगुजारीचे हक्क कोणी कोणाला दिले त्याचे कागद आहेत. १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी जंगल राखीव करून फिरत्या शेतीवर बंधने कशी आली त्याचे दाखले आहेत. हे सारे कोंडण्याचे व्यवहार होते. त्यांची हकीकत 'रुतणे' या क्रियापदाने सांगणे म्हणजे दगडाचे काम चिखलाच्या नावावर लिहिणे. आणि त्यात अन्याय दोघांवर होतो. कोंडलेल्या माणसांवर होतो तो उघड आहे. दुसरा, बिचाऱ्या चिखलावर, जो या जिल्ह्यात आजही लोकांना जेवू घालतो.

यावर असा आक्षेप येईल, की शब्दांनी काय होते. रुतले म्हणा की कोंडले, माणूस तेथेच असतो. पण उपाय शब्दाबरोबर बदलतो. रुतलेल्याला आपण हात देतो आणि वर आला की तो उपकृत होतो. कोंडलेल्यासाठी शिळा कोणी ठेवली हे विचारावे लागते, आणि तो बाहेर आला तर त्याचे आपल्यावर काहीही देणे लागत नाही. साहित्याच्या शिक्षकाला हा फरक वर्गात दाखवता येतो. त्यासाठी वेगळा पाठ लावायला नको. 'खालील वाक्यातील कर्ता ओळखा' हा जुनाच प्रश्न पुरेसा आहे.

माघात कचारगडाच्या वाटेवर चिखल नसतो. आषाढात गुडघाभर चिखलणी झालेल्या बांध्या तोवर वाळून टणक झालेल्या असतात. कापणीपूर्वी ओलीवर फेकलेली लाखोरी कोठे कोठे उभी असते, म्हणजे चिखलाची शेवटची ओलसुद्धा कोणी वाया जाऊ दिलेली नसते. उरलेल्या जमिनीत रोवणीच्या वेळची पावले दगडासारखी घट्ट झालेली दिसतात. त्या पावलांवरून लोक गुहेकडे चढतात. व्याकरणाच्या तासाला पुढच्या वेळी पंकजाचा विग्रह होईल तेव्हा कमळाबरोबर या पिकाचीही आठवण कोणी करून द्यावी. अवयवार्थाने तेही पंकजच आहे.